मागाचा खड्डा

स्मारकात झाडणाऱ्या वहिनींनी पाहुण्यांसमोर एकच वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यावर नोकरी कायम, वर स्मारकामागची खोली राहायला. वाक्य असं: “याच मागावर विणून आमच्या मामंजींनी शाळेची फी भरली.” मामंजी म्हणजे तिचे मामेसासरे: देशाचे नेते, तिच्या नवऱ्याचे सख्खे मामा. सौदा वाईट नव्हता. फक्त माग तिच्या सासूचा होता.

सासू ही नेत्यांची थोरली बहीण. दहाव्या वर्षी तिची शाळा सुटली, ती मागावर बसली आणि धाकटा भाऊ शिकला. नेत्यांच्या जन्मघराचं आता स्मारक झालं होतं, आत भिंतभर फोटो होते. ती एकाही फोटोत नव्हती, आणि मागापाशी पाटी होती ती भावाच्या नावाची.

“घरच्या माणसाने सांगितलं की पटतं लोकांना,” व्यवस्थापक म्हणाले.

“आणि सासूबाई?”

“घेऊ की पुढच्या वर्षी.”

“घ्या सावकाश. त्या वारल्यात, त्यांना कुठे घाई आहे?”

स्मारक बघायला मोठे साहेब आले ते फोटोवाल्यांसकट. उंचीला थेट नेत्यांसारखे, आणि तसं कुणी म्हटलेलं त्यांना आवडायचंही. सगळे वहिनींच्या तोंडाकडे बघत होते.

“साहेब, मागावर बसा ना,” ती म्हणाली. “उंची तीच, फोटो झकास येईल.”

मागाखाली विणणाऱ्याने पाय सोडायचा खड्डा होता; साहेब खुशीत त्याच्या काठावर टेकले आणि त्यांनी पाय आत सोडले. गुडघे मागाच्या आडव्या लाकडाखाली असे अडकले, की दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं.

“एवढा उथळ का खणलाय?” साहेबांनी गुडघा चोळत विचारलं.

“विणणाऱ्याच्या पायांच्या मापाने खणतात, साहेब. हा दहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा. ती पुढे फारशी वाढलीच नाही, म्हणून जन्मभर पुरला. मामंजींचे पाय यात कधी मावलेच नाहीत. फी माझ्या सासूने भरली.”

व्यवस्थापक हसले. साहेब हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत वहिनींच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती तिकिटाच्या खिडकीशी हजर.

“आता कशाला आलात?” आतल्या माणसाने विचारलं.

“बघायला.”

मागापाशी उभी राहून ती येईल त्याला सांगू लागली, “पाटी वाचलीत? आता पाय घालून बघा.”

व्यवस्थापक धावत आले. “बाहेर व्हा.”

“तिकीट काढलंय, भाऊ. बंद होईपर्यंत बघणार.”

साहेबांचा गुडघा आठवड्यात बरा झाला. पाटी अजून तशीच आहे, पण ती वाचून लोक आधी खड्ड्यात डोकावतात, मग वहिनींकडे बघतात. भावाच्या शाळेचे पैसे बहिणीने भरले. बहिणीच्या नावाचे तिची सून भरते, रोज, खिडकीवर, रोख.