मी ऐकवलेला तारा

मित्रांनो, मी एक जुना, पाच व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, आणि तुमच्यासमोर तोंड उघडायची मला लाज वाटते. माझे भाऊबंद आपल्या तारुण्याच्या गोष्टी मोठ्या ऐटीत सांगतात. कोणी गाणी ऐकवली, कोणी बातम्या दिल्या. मी काय केले ते सांगतो. मी शेजारच्या बिघडलेल्या पंख्याला आकाशातला तारा ठरू दिले.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. सागवानी पेटी, पुढे तपकिरी कापड, सुरू केले की डोळ्यासारखा उजळणारा हिरवा दिवा. नागपूरच्या सीताबर्डीवरून श्यामरावांनी मला घेतले आणि मांडीवर ठेवून रेल्वेने भिलाईला आणले. श्यामराव तिथे स्टोअरमध्ये क्लर्क होते. पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि मरोद्याकडे क्वार्टरच्या नव्या ओळी पडत होत्या. त्यांतल्याच एका क्वार्टरमध्ये भिंतीला लागून माझे टेबल होते. भिंतीपलीकडे तेजराम आणि मैनाबाई राहायचे. दोघे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. तेजरामची कारखान्यातली ड्यूटी फिरती होती, एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. घरी आला की तो पंखा लावून झोपायचा. पंखा सुपेल्याच्या बाजारातून जुना घेतलेला होता, पण मान फिरवणारा होता, म्हणून मैनाबाईला त्याचे भारी कौतुक.

संध्याकाळी अर्धी ओळ माझ्यासमोर बसायची. ‘श्यामरावांच्या रेडिओचा आवाज काय साफ!’ असे कोणी म्हटले की मी फुगायचो. नको तितका फुगायचो.

१९६० चा उन्हाळा होता. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी एक मोठी तबकडी दोन ताऱ्यांकडे रोखली आहे आणि तिथे कोणी शहाणे प्राणी असतील तर त्यांचे रेडिओ संदेश ऐकायचा प्रयत्न चालला आहे, अशी बातमी श्यामरावांनी पेपरात वाचली. त्या दिवसापासून त्यांचे जेवणात लक्ष राहिले नाही. छपरावर तांब्याची लांब एरियल चढली. मला स्टेशनांमधल्या रिकाम्या जागेवर लावून ते कान देऊन बसू लागले.

आणि मला ऐकू आले. खर्र, खर्र. मग नऊ सेकंद शांतता. पुन्हा खर्र, खर्र.

मला पहिल्याच दिवशी कळले होते, ते वरून येत नव्हते. ते विजेच्या तारेतून, भिंतीपलीकडून येत होते. पंख्याच्या मानेतली वायर वळून वळून आतून तुटत आली होती. मान टोकाला गेली की तिथे ठिणगी उडायची आणि माझ्या पोटात खरखर व्हायची. पण श्यामरावांचे डोळे पाण्याने भरले होते. ते बायकोला म्हणाले, “वसुंधरा, हे आपोआप होत नाही. इतकं मोजून कोणीतरी पाठवून राहिलं आहे.” माझ्याकडे असे आजवर कोणी पाहिले नव्हते. मी रेडिओ, मला बोलता येत नाही हे खरे. पण तुमच्यापासून काय लपवू? बोलता आले असते तरी त्या घटकेला मी गप्पच बसलो असतो.

त्यांनी वही केली. ते ऑफिसात असले की त्यांच्या पत्नी वसुंधराबाई वेळा लिहून ठेवायच्या. एका आठवड्यात खरखर दुपारी यायची, दुसऱ्या आठवड्यात सकाळी, तिसऱ्यात पार संध्याकाळपर्यंत. श्यामराव म्हणाले, तारा सरकतो आहे. वसुंधराबाई वही पाहून हळूच म्हणाल्या, “अहो, हे तेजरामभाऊंच्या ड्यूटीसंगं फिरते. ते झोपले की येते.”

“शहाणी आहेस,” श्यामराव हसले. “तारा काय तेजरामच्या झोपेची वाट पाहते का?”

बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

जूनमध्ये एका गुरुवारी मैनाबाई दारात आली. आत येईना, उंबऱ्याशीच उभी राहिली.

“भाऊजी, आमचा पंखा झटका मारून राहिला. त्या नत्थू विजेवाल्याले सांगा ना जरासं. तुमचं ऐकते तो. आमाले उद्या ये, परवा ये करते.”

नत्थूने वायर पाहायची म्हणजे आधी ओळीची वीज बंद करणार. आणि रविवारी मराठी मंडळाची माणसे तारा ऐकायला येणार होती. खुद्द देवराव येणार होते, श्यामरावांचे साहेब. नत्थूने काही उलटसुलट करून ठेवले तर काय घ्या, असे श्यामरावांच्या मनात आले. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले.

“सोमवारी सांगतो, मैनाबाई. नक्की सांगतो. तोवर जपून हात लावा.”

“बरं,” म्हणून ती गेली. मागे फिरून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “याची बी खरखर वाढली वाटते.”

वाढली होतीच. त्या चार दिवसांत ती दुप्पट झाली. श्यामराव म्हणाले, संदेश स्पष्ट होतो आहे.

रविवारी संध्याकाळी सहाला खोली भरली. तेजरामची रातपाळी होती, तो पलीकडे निजला होता. खर्र, खर्र सुरू झाले. देवरावांनी घड्याळ काढून नऊ सेकंद मोजले आणि माझ्यापुढे हात जोडले. श्यामरावांनी माझा आवाज पूर्ण मोठा केला. माझ्या पेटीची फळी थरथरत होती, आणि मित्रांनो, मी खूश होतो.

मग खरखर थांबेचना. नऊ सेकंद गेले तरी थांबेना, एकसारखी घर्रर्र चालली. “उत्तर देऊन राहिले ते!” कोणीतरी म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भिंतीपलीकडे झोपलेल्या नवऱ्याला घाम आला होता, म्हणून मैनाबाईने पंख्याची मान धरून त्याच्याकडे वळवली होती. विजेच्या झटक्याने ती तशीच पंख्याला चिकटली होती. ती ओरडली. माझ्याइतके भिंतीजवळ कोणीच नव्हते, मी ऐकले. पण खोलीत फक्त मीच वाजत होतो, तिची हाक माझ्या आवाजाखाली गेली.

एकदम शांत झाले. पलीकडे तेजरामने प्लग उपटला होता. इकडे श्यामराव माझे बटण फिरवत म्हणाले, “थांबा, थांबा, गेला तारा, आत्ता लावतो.” ते मला शोधायला लावत राहिले. वसुंधराबाईंना तेजरामचे रडणे ऐकू आले. माणसांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत त्या पळाल्या.

मैनाबाई वाचली. पण उजव्या हाताची तीन बोटे वाकली ती सरळ झाली नाहीत. त्या बोटांनी ती विड्या वळायची.

श्यामरावांनी वही चुलीत घातली. महिन्याभराने त्यांनी मला उचलले आणि पलीकडे नेऊन ठेवले. मान खाली घालून एवढेच म्हणाले, “मी नत्थूला गुरुवारीच सांगायला पाहिजे होतं.” मैनाबाई म्हणाली, “हो, भाऊजी. सांगायलेच पाहिजे होतं.” तिने त्यांना बसायला सांगितले नाही.

मला मात्र तिने ठेवून घेतले. रोज ती डाव्या हाताने माझी धूळ पुसायची, आणि मला वाटायचे, नको बाई, राहू दे.

मित्रांनो, दूरच्यांचे बोलणे ऐकायची हौस वाईट नाही. तिकडे कोणी असेलही. पण तुमच्या घरात एखादी वस्तू कुरकुरू लागली, झटका देऊ लागली, तर सोमवारवर ढकलू नका. आणि शेजारीण दारात आली तर आधी रेडिओ बंद करा.

मैनाबाई मला गाण्यांसाठी लावायची. गाणे कितीही आवडीचे असो, मधेच मी खरखरलो की ती तशीच उठायची, मला बंद करायची आणि ओळीतल्या एकेका दारापाशी जाऊन विचारायची, “तुमच्या घरचा पंखा बरोबर हाय ना, वो?”