पाचवी कोण

घाटंजीत बास्केटबॉल फारसा कुणाला कळत नाही, पण बास्केटबॉलवर मत प्रत्येकाला आहे. मी इथल्या मुलींच्या कॉलेजात खेळाची शिक्षिका. जिल्ह्याच्या फायनलआधीच्या आठवड्यात पोहे खायला थांबले तरी हॉटेलवाला तर्री ओतता ओतता विचारायचा, उर्वशी खेळून राह्यली ना मॅडम? ते मी ठरवणार, असं मी म्हटलं की तर्री जरा कमीच पडायची. मला तर्रीशिवाय पोहे खाता येतात.

प्रश्न एका जागेचा होता. पाचांतल्या चार पोरी ठरलेल्या: बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या दोन उंच, चेंडू पुढे आणणारी कप्तान, आणि तिला अचूक पास देणारी ममता. यांतली एक जरी काढली तरी टीम लंगडी. पाचव्या जागेसाठी दोघी, उर्वशी आणि राखी. दोघींनाही खेळवा न मग, असा सल्ला देणाऱ्यांना मी विचारायचे, काढू कुणाला? त्यावर ते चहा प्यायला लागायचे.

उर्वशी म्हणजे धडाधड पॉइंट. डावीकडून, उजवीकडून, पडता पडता, कसाही फेकला तरी चेंडू आत. तिचे वडील संघदीप यांचं मेन रोडवर मोबाईलचं दुकान आहे आणि दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर दिवसभर उर्वशीचे बास्केट चालू असतात. चार्जर घ्यायला आलेला माणूस दोन-चार बास्केट बघूनच जातो. आणि राखी? तिने सबंध सीझनमध्ये टाकलेले बास्केट एका हाताच्या बोटांवर मावतील. पण राखी ज्या पोरीच्या मागे लागायची, ती पोरगी त्या दिवशी उपाशी घरी जायची.

हे ती माझ्याकडे शिकली नाही. राखी तांड्यावरची. तिची आई बसंतीबाई आठवडी बाजारात जमिनीवर पोतं अंथरून भाजी विकते, आणि राखी लहानपणापासून त्या भाजीची राखण करते. आमच्या बाजारात गिऱ्हाइकांपेक्षा बकऱ्या जास्त हुशार. मेथीच्या जुडीवर चहूकडून डोळा. बकरीला मारायची सोय नाही, कारण हात लावला की मालक भांडायला हजर. म्हणून नुसतं आडवं व्हायचं, हात पसरायचे आणि वाट द्यायची नाही. बास्केटबॉलमध्ये तरी वेगळं काय सांगतात? अंगाला हात लावला की फाउल. मी एकदा तिला विचारलं की समोरची कुठे वळणार हे तुला आधीच कसं कळतं, तर म्हणाली, "तोंडाकडं नाही पाहाचं मॅडम. तोंड इकडं करते अन् जाते तिकडं. पोटाकडं पाहाचं."

फायनल वणीशी होती आणि वणीकडे दहा नंबरची एक पोरगी होती. सेमीफायनलमध्ये तिने एकटीने समोरच्या टीमच्या नाकी नऊ आणले होते. ते बघितलं आणि मी ठरवलं, पाचवी राखी. उर्वशीने ते ऐकलं आणि चेंडू भिंतीवर इतक्या जोरात हाणला की भिंतीमागची कुत्री उठून गेली. माझ्याशी आणि राखीशी बोलणं बंद. संध्याकाळी संघदीपभाऊ मैदानावर आले. माणूस फार सभ्य, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले की मॅडम, नुसतं अडवून कोणी जिंकल्याचं मी ऐकलं नाही. मी सभ्य नाही. मी त्यांना म्हटलं की तुम्ही मोबाईल विका, आणि शिटी फुंकून पोरींना पळायला लावलं. घरी आल्यावर वाईट वाटलं, पण मत बदललं नाही.

खरी अडचण पुढेच होती. फायनल नेमकी बाजाराच्या दिवशी आली. मी तांड्यावर गेले. बसंतीबाईने चहा दिला, ऐकून घेतलं आणि मग सरळ सांगितलं, "मॅडम, खेळाले नेत असान तर न्या. बसवून ठेवाले नेऊ नका. बसाचंच असन तर माह्या दुकानावर बसन. अन् एक डाव बसवली का पुन्हा मी पाठवत नाही."

मी शब्द दिला. राखी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मी आणखी दोन शब्द दिले असते. ह्या पोरीला बास्केटबॉल किती आवडतो हे मला तेव्हा कळलं. आतापर्यंत मी फक्त फायनल हरले असते. आता एक खेळाडूही गमावू शकत होते.

यवतमाळला मैदान भरलेलं. वणीकरांनी ढोल आणला होता, आमच्याकडे संघदीपभाऊंचा आवाज होता, तोही त्या दिवशी रुसलेला. राखी उतरली आणि पहिली काही मिनिटं दहा नंबरला चेंडूचा वासही लागू दिला नाही. मी हाताची घडी घालून उभी राहिले. घाटंजीतल्या सगळ्या पोहेवाल्यांनी हे बघायला हवं होतं असं मनात आलं.

मग बिघडलं. दहा नंबरने बास्केटकडे पाठ केली, जणू कंटाळून परत निघाली, आणि राखीने हात खाली सोडून दुसरीकडे बघितलं. दहा नंबर गर्रकन वळली आणि चेंडू आत. पुन्हा पाठ, पुन्हा गर्रकन, पुन्हा आत. मी ओरडून ओरडून घसा बसवला. पण राखी पुन्हा पुन्हा तेच करत होती आणि मला कारण उमगेना. वणी पुढे निघून गेली. ढोलवाल्याला ऊत आला. मला आता राखीला बाहेर घ्यावंच लागणार होतं, आणि बाकावर उर्वशी बुटांच्या लेस घट्ट करून तयार होती.

ब्रेक झाला. राखी खाली मान घालून आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात उर्वशी उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती राखीशी बोलली.

"राखी, पाठ फिरवली म्हंजे बकरी गेली, असं वाटते ना तुले? ते बकरी नोहे. ते जात नाही. मी बी तुले रोज असंच फसवते, म्हणून मले मालूम हाय."

राखीने झटकन मान वर केली. बाजारात बकरीने पाठ फिरवली की विषय संपतो, लगेच दुसरीकडे बघायचं असतं, कारण दुसरी तोवर मेथीत तोंड घालते. पोरगी शिकली होती ते बरोबर शिकली होती, फक्त तिथे थांबली होती. आणि हे मला दिसलं नव्हतं, उर्वशीला दिसलं होतं. ती गप्प बसली असती तर जागा तिचीच होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्यावर उगाच खेकसले.

राखी पुन्हा उतरली. दहा नंबरने पाठ केली, राखी हलली नाही. ती वळली, समोर राखी. दुसऱ्या बाजूला वळली, समोर राखी. ढोल हळूहळू बंद पडला. पण आम्ही मागेच होतो आणि अडवून मागचे पॉइंट भरून येत नाहीत, हे संघदीपभाऊंचं म्हणणं तेवढं खरं. शेवटच्या सत्रात मी राखीला बसवलं आणि उर्वशीला उतरवलं. राखीला बसवताना मला बसंतीबाई दिसत होती. उर्वशीने मात्र जीव ओतला. एकामागून एक बास्केट, आणि आम्ही एका पॉइंटने पुढे.

थोडेच सेकंद राहिले. चेंडू वणीकडे. मी टाइमआउट घेतला. काय करायचं ते मला माहीत होतं, पण सगळं मैदान उर्वशीच्या नावाने ओरडत होतं आणि मी, जी कुणाला भीत नाही, ती भ्याले. तिला बाहेर काढून हरलो तर मला घाटंजीत पाय ठेवता आला नसता. मी काही बोलायच्या आत उर्वशी टॉवेल घेऊन बाकावर येऊन बसली.

"तिले पाठवा मॅडम," ती धापा टाकत म्हणाली. "मले नाही जमत अडवाले."

मी ते शेवटचे सेकंद नीट बघितले नाहीत. उर्वशीने माझा दंड पकडला होता आणि तिची नखं रुतत होती. दहा नंबर वळताना दिसली, समोर पसरलेले दोन हात दिसले, चेंडू कुठेतरी कडेला गेला आणि शिटी वाजली. राखीने कुणाला बोटही लावलं नव्हतं. संघदीपभाऊ धावत मैदानात आले आणि त्यांनी राखीलाच उचललं.

घाटंजीला पोचलो तेव्हा बाजार उठत होता. आम्ही सगळ्या घोळक्याने बसंतीबाईच्या पोत्यापाशी गेलो. ती उरलेली वांगी टोपलीत भरत होती. कप तिने बघितला, पण विचारलं वेगळंच. खेळली का?

राखीला खोटं बोलता येत नाही. "खेळली याडी," ती आईला म्हणाली. "अन् शेवटी थोडा येळ बसली बी."

बसंतीबाईने माझ्याकडे बघितलं. मी शब्द दिला होता आणि मोडलाही होता.

उर्वशी पुढे झाली. "मावशी, ते बसली तवा मी खेळली," ती म्हणाली, "अन् मी बसली तवा जितलो."

बसंतीबाईने टोपलीतली चांगली चांगली वांगी निवडून उर्वशीच्या ओढणीत टाकली आणि मला विचारलं की पुढची मॅच कोणत्या दिवशी आहे, म्हणजे त्या दिवशी दुकानावर बसायला तिला दुसरं कुणीतरी बघून ठेवता येईल.