न विचारता बदललेला परवाना

तैवानमधल्या मिआओलीतल्या नाश्त्याच्या दुकानात यू-फेननं फोन टेबलावर आपटला, तशी शेजारची माणसं वळून बघायला लागली.

"हे काय आहे, त्झू-हाव?"

"ताई, हळू बोल ना."

"हळू? 'सर्व हक्क कंपनीकडे राखीव'! कुणी लिहिलं हे?"

हाक्का भाषा फोनवर लिहिता यावी म्हणून या दोघांनी आणि आणखी वीसेक जणांनी सुट्ट्या घालवून एक कीबोर्ड तयार केला होता. कोड सगळ्यांना खुला. कुणीही न्यावा, विकावासुद्धा. पण करणाऱ्यांची नावं तशीच ठेवायची आणि सुधारून वाटलेला कोडही खुलाच ठेवायचा, ही परवान्यातली अट. देखरेख त्झू-हावकडे. त्यानं ताइपेच्या एका कंपनीशी परस्पर बोलणी उरकली आणि परवानाच बदलून टाकला.

"प्रकल्प मीच सांभाळतो ना?" तो पुटपुटला.

"सांभाळतोस. मालक नाहीस. ज्यानं जे लिहिलं ते त्याचं. प्रत्येकाला विचारायला हवं होतंस. आणि पेंग मास्तर? सगळा शब्दकोश त्यांचा. त्यांचं नावही पुसलंस?"

"ते गेले गं. मेलेल्या माणसाची परवानगी कुठून आणू?"

"त्यांच्या बायकोकडून! हक्क आता त्यांचा. ऊठ, चल."

पेंगकाकूंनी दोघांपुढे तीळ-शेंगदाण्यांबरोबर कुटलेला हाक्का चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ह्यांचे शब्द आता कंपनीचे?"

"काकू, लोकांना फुकटच मिळेल, फक्त मधे जाहिराती..."

"म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारोदार जाऊन गोळा केलेत ते ह्यांनी. तुला एकदा माझ्या दारात येऊन विचारवलं नाही होय रे? माझं नाही म्हणून सांग त्यांना. आणि चहा संपव, टाकू नकोस."

त्झू-हावनं मान खाली घालून चहा संपवला.

काकूंचा नकार पोचला, कंपनीच्या वकिलानं जुना परवाना वाचला आणि कंपनीनं अंग काढून घेतलं. यू-फेननं खुला कोड सगळ्या नावांसकट इंटरनेटवर नव्या जागी मांडला. निम्मे सोबती मात्र आलेच नाहीत. "कंपनीत नोकरी लागली असती. तुझ्या तत्त्वांनी पोट भरतं का?" एकानं लिहिलं.

तिचं डोकं पुन्हा सणकलं. "मग आधी सगळ्यांना विचारायचं होतं," एवढंच तिनं उत्तर धाडलं, आणि रखडलेल्या दुरुस्त्या एकटीनं करायला बसली.