गारासा

जपानमधल्या हिरादोच्या पुढच्या एका बेटावर ओराशो, म्हणजे पूर्वजांची प्रार्थना, तोंडपाठ असलेला एकच माणूस उरला होता: कियोमात्सूकाका. चारशे वर्षांपूर्वी पाद्र्यांना हाकलून ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली गेली, तेव्हापासून ती मागच्या खोलीत, दार लावून, दबक्या आवाजात बापाकडून मुलाकडे आली होती. लिहायची नाही, बायकांना शिकवायची नाही, अर्थ विचारायचा नाही. काकांना मूलबाळ नव्हतं. खोलीतलं देवाचं चित्र उद्या संग्रहालयात जाणार होतं. आजची प्रार्थना शेवटची.

त्यांची पुतणी चिगुसा समुद्राचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. मला शिकवा, असं तिने मागेच म्हटलं होतं. बाई म्हणून काका नाही म्हणतील असा तिचा अंदाज होता, तो चुकला. या गाठोड्यात काय आहे हे मलाच ठाऊक नाही, ते तुझ्या डोक्यावर कसं देऊ, असं ते म्हणाले. मग जरा ओशाळून त्यांनी प्रार्थनेतल्या 'गारासा' या शब्दाचा अर्थ तेवढा शोधायला सांगितला. लहानपणी त्याच शब्दाला ते अडखळायचे आणि वडील चिलमीने टपली मारायचे.

प्रार्थना संपल्यावर चिगुसाने माशाच्या तुकड्या आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, आणून ठेवली आणि रिवाजाप्रमाणे ती उंबऱ्याबाहेरच बसली.

"सांग आता," काका म्हणाले. "शिवी असली तर संग्रहालयवाल्यांच्या आधी मला कळू दे."

"शिवी नाही, काका. मूळ लॅटिन शब्द ग्रात्सिया. म्हणजे कृपा. न मागता मिळालेली, फेडावी न लागणारी."

खात्री होईपर्यंत तिने कोश चाळले होते, तेही तिने सांगितलं. शिवाय इटलीत, स्पेनमध्ये लोक आभार मानताना त्याच शब्दाचं आजचं रूप वापरतात.

"मासळीबाजारातसुद्धा?"

"तिथे तर दिवसभर."

काका हसता हसता खोकले. इथे माणसं जीव मुठीत धरून जे पुटपुटत आली, ते तिकडे पिशवीत मासे भरताना म्हणतात, याची त्यांना भारीच गंमत वाटली. मग त्यांनी साकेचा पेला उचलला.

"न मागता, म्हणालीस?"

"हो."

"मी ही प्रार्थना कुठे मागितली होती? मला तर पोहायला पळायचं असायचं. वडिलांनी धरून बसवलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू मात्र मागितलीस."

"मग मला मिळायची नाही का?"

काकांनी पेला बाजूला सारला.

"दार लाव."

चिगुसा उठली आणि सवयीने दार बाहेरून ओढू लागली.

"आतून, पोरी," काका म्हणाले.