आखूड बॅरल आणि हाताने भरायची दारू

जगन्नाथ कुवेतला आला होता एसी दुरुस्त करायला आणि अडकला होता बाबाच्या पिस्तुलात.

बाबा म्हणजे अबू रिदा, त्याचा कफील. ज्याच्या नावावर व्हिसा, तो मालक. माणूस मोठ्या मनाचा, फक्त मन बनवायची वेळ आली की ते मन त्याला सापडायचं नाही. गंमत म्हणजे ते पिस्तूल कुवेतमध्ये नव्हतंच. ते होतं तिकडे आफ्रिकेत, नामिबियातल्या एका शिकारीच्या फार्मवर, कपाटात कुलूपबंद. बाबा दर वर्षी तिकडे रानडुकरं मारायला जायचा. म्हणजे जायचा, मारायचं राहून जायचं.

पिस्तूल असं की त्यात एका वेळी एकच काडतूस बसतं. कमरेत मोडून उघडायचं, एक घालायचं, बंद करायचं, उडवायचं. चुकलं की डुक्कर गेलं. पण त्याची नळी बदलता येते. फार्मवाल्याने मेलमध्ये विचारलं होतं, बॅरल लांब मागवू की आखूड? आणि त्या बॅरलला मानवतील अशी काडतुसं इथे हाताने भरून ठेवतो, तर दारू कुठली घालू?

एवढा साधा प्रश्न. पण तो नेमका त्या दिवशी आला, ज्या दिवशी जगन्नाथ खैरानला बाबाच्या समुद्रकाठच्या बंगलीत, म्हणजे शॅलेमध्ये, शिडीवर चढून एसीची जाळी धूत होता. खाली बाबा मेल मोठ्याने वाचत होता. जगन्नाथ आपला बोलून गेला, "बाबा, मेरा दादा के पास भी बंदूक था. हाथ से भरने का."

झालं. बाबाने मान वर केली. त्या क्षणापासून जगन्नाथ बंदुकीतला तज्ज्ञ. आज्याने त्या ठासणीच्या बंदुकीने उभ्या आयुष्यात एक वांगं मारलं होतं, तेही शेजाऱ्याच्या परसातलं, हे सांगायला बाबाने उसंत दिली नाही.

एरवी जगन्नाथने हेही सोसलं असतं. पण गावाला बायकोच्या, रत्नमालाच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. चिपळूणच्या डॉक्टरने दिलेली तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती. घरात दुसरं कोणी नाही, लेक पार नागपूरला. मागच्या आठवड्यात बाईने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो तसाच पिऊनही टाकला.

"तुमी जवा येताव त्या दिवशी करू ऑपरेशन," ती फोनवर म्हणाली. "एकटी नाय जायाची मी. डोळ्यात औषद कोण घालील? कोंबड्या?"

जगन्नाथला सुट्टी हवी होती. सुट्टीला जायचं तर बाबाने मोबाईलवर देशाबाहेर जायच्या परवान्याचं एक बटण दाबायला हवं होतं. आणि बाबा म्हणायचा, "अव्वल बॅरल, बादमें छुट्टी."

मग सुरू झालं ते रोजचं. जगन्नाथ दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुठल्याशा गच्चीवर एसीच्या सावलीत बसून पिस्तुलांचे व्हिडिओ बघायचा. डोळे मिटायचे, मान पडायची, पुन्हा बघायचा. लांब बॅरलला गोळी जोरात जाते, दुर्बीण लावता येते, पण हात भरून येतो. आखूड हाताला हलकं. पण त्यात सावकाश जळणारी दारू घातली तर ती नळीत जळून संपतच नाही, उरलेली तोंडाशी भडकते आणि कानाचा पडदा हलतो. म्हणून आखूड नळीला लवकर जळणारी दारू हवी. हे सगळं तो संध्याकाळी बाबाला समजावायचा. बाबा म्हणायचा, "वल्ला, सही! लाँग." दुसऱ्या दिवशी दिवाणियात, रात्रीच्या बैठकीत, कोणी मित्र म्हणायचा शॉर्ट, की बाबाचा फोन. "जगन, शिनू, क्या? शॉर्ट?"

"शॉर्ट भी अच्छा, बाबा."

"तो लाँग क्यों बोला?"

शेवटी बाबाने हुकूम सोडला: गुरुवारी शॅलेवर दोन्ही बॅरलचे फोटो दाखव, तिथे ठरवू.

एका संध्याकाळी फिंतासमधली चार मजल्यांची कामं उरकून जगन्नाथ अबू हलीफा भागातल्या आपल्या खोलीवर आला, बूट न काढताच पलंगावर पडला आणि ठरवलं, आता नूरुद्दीनला विचारायचं. नूरुद्दीन दाभोळचा, अत्तराच्या दुकानात कामाला, जगन्नाथचा खोलीतला जोडीदार. त्याच्या चुलत्याकडे एके काळी खरोखरचा शिकारीचा परवाना होता. तो अजून दुकानातून यायचा होता. जगन्नाथने डोळे अर्धे मिटून त्याच्या फोटोवर अंगठा टेकवला आणि बोलायला लागला.

"नूरभाय, आयक. बाबाला खैरानला शॅलेवर दोन बॅरल दाकवायचेत, एक लांब, एक आकूड. दारू हाताने भरायची हाय. आकूडला कुठली दारू चालंल? लवकर पेटणारी की सावकाश? बाबा रोज डोकं खातो. आनि कोणाला बोलू नको."

निरोप सोडला आणि तसाच झोपला.

फोटो नूरुद्दीनचाच होता. पण तो लावलेला होता 'आपली माणसं, अबू हलीफा' या ग्रुपला, कारण ग्रुप त्यानेच काढला होता. ग्रुपवर मंडणगडपासून देवगडपर्यंतचे सगळे: गवंडी, सुतार, ड्रायव्हर, दोन नर्सबाया आणि भजनातला पेटीवाला.

ज्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचा पाऊस पडतो, तो त्या सकाळी चिडीचूप. एकाही माणसाने एकही गुलाब पाठवला नाही. पाठवले ते निरोप, थेट जगन्नाथला, एकेकट्याने.

पहिला तुकाराम गवंडी. "जगू, एक बाटली माज्या नावाची ठेव. प्यायला नाय हां. कंबर धरलीय, चोळायला."

मग पेटीवाला. "पहिल्या धारेची असेल तर कळवणे."

एका नर्सबाईने फक्त हात जोडले होते, त्याचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही.

नूरुद्दीनने त्याला हलवून उठवलं. "आरं बाला, काय करून बसलास? बंदुकीची दारू आसं बोलायचंस तरी!"

जगन्नाथने ग्रुप उघडला. आपलाच आवाज ऐकला. "आता लिवतो, बंदुकीची म्हणून."

"खबरदार!" नूरुद्दीनने फोन हिसकावला. "बाटलीची दारू म्हटलं तर जेल. बंदुकीची म्हटलं तर त्याच्या पुढचा जेल. गप बस."

तो गप्प बसला. गप्प बसणं त्याला जमायचं, तेवढी ताकद अंगात होती. पण बाबाच्या कंपनीत खरेदी खात्याला असलेला शैलेश गप्प बसणाऱ्यातला नव्हता. पुण्याचा मुलगा, तरी त्या ग्रुपवर असलेला, हुशार, आणि मालकाच्या नजरेत यायला टपलेला. त्याने जगन्नाथला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि डोळा मारला.

"काका, टेन्शन नका घेऊ. बॅरल मी अरेंज केलेत."

"कसले बॅरल?"

"एक लांब, एक आखूड. फूड ग्रेड, निळे ड्रम. कंपनीच्या पिकपने शॅलेवर गेलेसुद्धा. बाबांना माझं नाव सांगाल ना? आणि पहिल्या धारेतलं थोडं..."

"अरे भल्या माणसा, ते बॅरल नव्हेत!"

"कळतंय काका," शैलेश हळूच म्हणाला. "मी कोणालाच काही बोललो नाही. फक्त ड्रायव्हरला."

तो दिवस गुरुवार. खैरानला बाबाचा सगळा गोतावळा जमायचा. जगन्नाथ टॅक्सी करून धावला. पोचला तेव्हा सगळं होऊन चुकलं होतं. ड्रायव्हरने शॅलेचा राखणदार नझीर याच्या कानात सांगितलं होतं, आत काय भरायचं ते. नझीर इमानी माणूस. त्याने मालकाची अब्रू वाचवायला दोन्ही पिंपं मागच्या ओट्यावर नेली, वर चादर टाकली आणि वास येऊ नये म्हणून त्यावर गुलाबपाण्याची अख्खी बाटली ओतली.

रिकाम्या पिंपांना वास नसतो. गुलाबपाण्याला असतो. पाहुणे समुद्राकडे तोंड करून बसले होते, त्यांची नाकं मागे वळली. बाबाचा मेहुणा, भारी शिस्तीचा माणूस, उठला आणि त्याने चादर ओढली.

"शिनू हाझा? ये क्या है?"

बाबाने नझीरकडे पाहिलं. नझीरने जगन्नाथकडे. जगन्नाथने निळ्या पिंपांकडे. एक लांब होतं, एक आखूड होतं, यात शैलेशचं काहीच चुकलेलं नव्हतं.

"बॅरल, बाबा," तो म्हणाला.

मेहुण्याने झाकण उघडून आत वाकून पाहिलं. "खाली है," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा आणखी कडक झाला. रिकामं म्हणजे एक तर भरायचंय, नाही तर संपलंय. दोन्हीतलं कुठलंही चांगलं नव्हतं.

बाबा जगन्नाथला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेला. जगन्नाथने खालच्या आवाजात सगळं सांगितलं: हमारा भाषा में बंदूक का पावडर भी दारू, पीने का भी दारू. बाबाने ते दोनदा म्हणायला लावलं.

"एक ही नाम?"

"एक ही, बाबा."

"मजनून," बाबा म्हणाला. "सब मजनून, सब पागल." बाहेर मेहुण्याचा आवाज चढत होता. बाबाने खिशातून मोबाईल काढला. ज्याला नळी ठरवायला इतके आठवडे पुरले नाहीत, त्याने ते बटण एका दमात दाबलं. "यल्ला, सीदा इंडिया. बात ठंडा होने तक इधर नहीं दिखना."

जगन्नाथला आनंद व्हायला हवा होता. तो विमानात बसला आणि मुंबई येईपर्यंत झोपला. हवाईसुंदरीने जेवण आणलं, ते तसंच परत नेलं.

रत्नमालाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ती ओटीवर आडवी पडली होती आणि जगन्नाथ थेंब मोजून घालत होता, एवढ्यात फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला, हात मोकळे नव्हते.

"जगन! इधर सब ठीक. बीबी का भाई भी अब हँसता है. अब बोल. लाँग या शॉर्ट?"

थेंब गालावर पडला.

"काय विचारतो वो ह्यो?" रत्नमाला म्हणाली.

"बंदुकीची नळी. लांब की आखूड."

"आकूड सांगा. लांब धरून हात दुकतो. आनि औषद डोळ्यात घाला, कानात नको."

"शॉर्ट, बाबा."

"कौन बोला?"

"मॅडम."

"वल्ला!" पलीकडे बाबा खूश. "पहिले क्यों नहीं पूछा? खलास, शॉर्ट. तू कब आता?"

जगन्नाथने बाटलीचं बूच लावलं आणि बायकोच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. "एक आँख बाकी है, बाबा."

बाबा म्हणाला, "मॅडम को पूछ, दारू कौनसा."