प्लास्टरची अंडी

वाचनालयाच्या शिपायाची बायको आठ महिन्यांपूर्वी गेली आणि जाताना शे-दोनशे कबुतरं त्याच्या गळ्यात बांधून गेली. ती तिथेच झाडलोट करायची. रोज सकाळी पुढच्या पायऱ्यांवर मूठभर दाणे टाकायची. तेव्हा शिपाई तिच्यावर करवादायचा. आता स्वतःच टाकत होता, तेही डबाभर.

एक दिवस एका कबुतराने ग्रंथपालसाहेबांच्या टकलावर नेम धरला. साहेब पेटले. "महिनाअखेर पायऱ्या स्वच्छ दिसल्या नाहीत, तर विष घालणार!"

शिपायाने पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी गच्चीवर खुराडं बांधून घेतलं, प्लास्टरची अंडी दिली आणि दोनच गोष्टी बजावल्या. खरं अंडं ताजं असतानाच उचलायचं आणि तिथे खोटं ठेवायचं, म्हणजे मादी तेच उबवत बसते, नवं घालत नाही. दाणे फक्त गच्चीवर टाकायचे.

पहिलं काम शिपायाने चोख केलं. अंडं बॅटरीसमोर धरायचा. आत लाल शीर दिसली, म्हणजे पिल्लू धरलेलं असलं, तर माफी मागून परत ठेवायचा. चोची खाऊन बोटं सोलून निघाली. तरी कबुतरं कमी होईनात, उलट वाढली.

तिसऱ्या आठवड्यात बाई सकाळीच टपकल्या. शिपाई पायऱ्यांवर उभा, हातात डबा, भोवती शहरभरातली कबुतरं.

"काका! वर कुटुंबनियोजन आणि खाली फुकट खानावळ?"

"थोडेसेच टाकतो हो."

"हे थोडेसे? उद्या साहेबांनी विष घातलं, तर ते तुमच्यामुळे, कळतंय का?"

"ती इथेच टाकायची," शिपाई म्हणाला.

बाई जरा नरमल्या. "त्या आज असत्या, तर काय म्हणाल्या असत्या?"

"काय म्हणणार? अक्कल गहाण ठेवलीत का हो, म्हणाली असती."

दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन गच्चीवर गेला. कबुतरं खाली ताटकळत बसली. चार दिवस त्याने खाली वाकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी एक लंगडं कबूतर दाणे टिपायला वर आलं, त्याच्यामागून तीसेक आली. बाकीची कंटाळून पांगली.

महिनाअखेर साहेबांनी पायरीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विषाचा बेत रद्द केला.

पायऱ्या अशा मोकळ्या झाल्या, की शिपायाला पुढच्या दाराने जाववेना. तो मागच्या दाराने येऊ लागला. साहेबांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "गच्चीचा जिना तिकडून जवळ पडतो."