उसनं कातडं

स्वेटरच्या कोपरावर शेंगदाण्याएवढं भोक होतं, आणि त्या भोकातून सोनियाच्या हाताची कातडी दिसत होती. आक्काबाई चुलीपुढे बसून त्या भोकाकडेच पाहत राहिली. सोनिया तिची सून, भारतची बायको. हे साल तिच्या पहिल्या संक्रांतीचं. काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं होऊन दहा-बारा दिवस झाले होते, आणि आज गारठा वाढला म्हणून पोरीनं दारामागच्या खिळ्यावरचा स्वेटर अंगात चढवला होता. एवढंच. पण स्वेटर रत्नाचा होता. रत्ना म्हणजे धाकटी लेक, गेल्या पावसाळ्यात थायलंडला डोंगरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेली. बॅगेत मावला नाही म्हणून तो इथंच राहिला, आणि तेव्हापासून घरात कुणी नसलं की आक्काबाई त्यात तोंड खुपसून उभी राहायची... हे कुणाला ठाऊक नव्हतं.

"काढ तो."

"थंडी लई आहे, आत्या."

"माझी चादर घे. तो काढ."

सोनियानं काढला. खिळ्याला लावताना जरा हिसका दिला.

तेवढ्यात फोन वाजला. रत्नाच होती, फोनच्या पडद्यावर शाळेच्या फाटकाशी उभी, मागे केळीची झाडं. डोळे सुजलेले.

"माय, पोरं जवळच येत नाहीत गं. मी वर्गात गेले की टेबलाखाली शिरतात."

इतके दिवस ती मोठ्या मुलांना शिकवत होती. लहानग्यांच्या जुन्या बाई वारल्या आणि तो वर्ग रत्नाकडे आला. शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत बघू. पोरं रमली तर पुढचा करार, नाहीतर परत जा.

"अन् त्या बाईंचा पिवळा एप्रन अजून खुंटीवर आहे. कुणी काढत नाय. पोरं जेवली की तिथं जातात, त्यात तोंड घालून उभी राहतात... मी काय करू, माय?"

काय करायचं ते आक्काबाईला त्याच क्षणी कळलं. ओठांपर्यंत आलं. आणि ती म्हणाली, "बघू. जेवलीस का?"

"सकाळी कोण जेवतं?"

"मग खाऊन घे काहीतरी."

फोन बंद झाला.

मेंढरं घेऊन आक्काबाई हर्सूलच्या तळ्याकडे निघाली. आता चारच मेंढ्या उरल्या होत्या, सवयीपुरत्या. रस्त्यानं चालताना पायाखाली नेहमीचाच दगड, नेहमीचाच चढ, पण डोक्यात मुंजाबा — तिचा नवरा, जाऊन वर्षं लोटली — एका मेलेल्या कोकराचं कातडं सोलत बसलेला. कोकरू मेलं की मेंढी वेडीपिशी होते, आणि आई मेलेलं दुसरं कोकरू तिच्या अंगाखाली लोटलं की ढुशी मारून उडवून देते. आपलं नाही हे तिला वासानं कळतं. मग मुंजाबा ते कातडं त्या पोरक्या कोकराच्या पाठीवर अंगरख्यासारखं बांधायचा. मेंढी हुंगायची... पुन्हा हुंगायची... आणि पाय फाकवून उभी राहायची. चार दिवसांनी कातडं सोडलं तरी चालायचं, कारण तोवर तिचं दूध त्या कोकराच्या पोटात गेलेलं असायचं, आणि वास तिचाच झालेला. रत्ना तेव्हा सात-आठ वर्षांची, बापाशेजारी उकिडवी बसून बघायची.

एवढं सांगायचं होतं. एप्रन घाल म्हणून. जीभ का अडली माझी?

कारण एकदा दुसऱ्या मेंढीला लागलेलं कोकरू पुन्हा हाकेला येत नाही — हेही तिनं पाहिलं होतं. पण ती कोकरं पोरकी होती. रत्नाची आई तर जिवंत आहे, इथं, हर्सूलच्या बांधावर, हातात काठी घेऊन... जिवंत आईचं कोकरू कुणी असं दुसरीखाली घालतं का? नाही सांगितलं तर काय होईल? पोरं रडतील, महिना सरेल, पोरगी घरी येईल. त्यात कुणाचं काय वाईट?

तळ्याकाठी सांडू म्हशी धूत होता. म्हातारा तिच्याच वयाचा, फाटक्या तोंडाचा.

"काय आक्का, लेक इंग्रजी शिकवती म्हणं! मग मेंढरांना तरी शिकव की गुडमॉर्निंग."

"माझी मेंढरं शिकतील रे. तुझ्या म्हशीचं अन् तुझं काय ते बघ."

तो बोळकं पसरून हसला. "पण येती कधी पोरगी?"

"म्हैनाअखेर," ती म्हणाली.

"अरे व्वा! मग पोरगा बघू का?"

ती मेंढ्यांकडे वळली. आपण काय बोललो ते तिला मागाहून ऐकू आलं. म्हैनाअखेर... म्हणजे ठरवूनच टाकलं की मी. तिकडे पोरगी टेबलाखाली वाकून एकेकाला हाका मारते आहे, आणि इकडे मी तिचं हरणं गावात वाटत सुटले, पेढे वाटावेत तसं. पाण्यावर ऊन हलत होतं. मेंढ्या शांतपणे चरत होत्या. तिला आपल्या काठीचा हातातला भार एकदम जास्त वाटला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं दारामागे जाऊन स्वेटरला नाक लावलं. धूर. मेंढरं. आणि सोनियाच्या डोक्याच्या तेलाचा वास. रत्नाचा शोधला, कोपरापाशी, गळ्यापाशी... एका सकाळीत तो गेला असेल होय? की केव्हाच गेला होता, आणि इतके दिवस मी नुसत्या लोकरीत तोंड घालत होते?

"सोनिया, फोन लावून दे."

रत्ना खोलीत होती, पोरांच्या वह्या पुढ्यात घेऊन.

"रत्ने, तो एप्रन घाल. धुवू नको. तसाच घाल, अन् त्यांच्यात जाऊन नुसती बस. बोलू नको काही."

रत्नानं पुढ्यातली वही मिटली. मग, "मला ठाव होतं, माय. आबा कातडं बांधायचा ते आठवलं होतं मला."

"मग सकाळी विचारलंस कशाला?"

"तू सांगितल्याबिगर कसा घालू?"

आक्काबाईनं फोन तोंडाजवळ ओढला.

"एकदा घातला की लवकर सुटायचं नाय, माय."

"व्हय. ठाव आहे मला."

सोनिया दारात उभी राहून बाहेर बघत होती, ऐकत नसल्यासारखी. आक्काबाईला वाटलं होतं आतून काहीतरी तुटेल, पण तसं काही झालं नाही. नुसतं मोकळं वाटत होतं, कळप पुढे गेल्यावर मेंढरांच्या वाडग्यात वाटतं तसं, आणि त्या मोकळ्यात तिला मुंजाबाचं एक बोलणं ऐकू आलं. कातडं बांधताना तो त्या मेलेल्या कोकराला नावानं हाक मारायचा. म्हणायचा, हे उसनं आहे. ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्यावं.

"त्या बाईंचं नाव काय होतं गं?"

"माली."

"कधी गेल्या?"

रत्नानं सांगितलं. आक्काबाईनं ते स्वतःशी पुन्हा म्हणून घेतलं, विसरू नये म्हणून. मालीबाई गेल्या. सोनियाच्या पहिल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी.